मोटारीच्या रबराला शेंगदाण्याचं तेल

आमच्या मोटारीच्या दारांचं रबर एका एडक्यानं खाल्लं आणि मला विचाराल तर त्यात एडक्याची काही चूक नव्हती.

चूक कोणाची ते सांगतो. मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस, मला फिरवून सांगता येत नाही. आमचं गाव निमगाव सावा, घर मळ्यात. घरात मी एकटा. बायको, हौसा, गेल्या दिवाळीच्या तोंडावर गेली. मुलगा दत्ता आणि सून मनीषा चाकणला असतात. रविवारी येतात, मला चांगलंचुंगलं जेवायला घालतात, गोळ्या घेतल्या का विचारतात आणि जातात. (गोळ्या मी घेतो. पण ‘घेतल्या’ म्हटलं की दोघं एकमेकांकडं बघतात, म्हणून हल्ली ‘नाही’ म्हणतो. तेवढंच त्यांना समाधान.)

दारात पांढरी छोटी मोटार आहे. एका साली टोमॅटोला बाजार चांगला लागला तेव्हा घेतलेली. स्टेरिंग माझ्या हातात असायचं, पण मोटार चालवायची हौसा. डाव्या हाताच्या सीटवर बसून.

“खड्डा हाय.”

“दिसला.”

“म्हस हाय.”

“दिसली.”

“मंग ब्रेक दाबा की.”

“दाबलाय.”

“म्हस थांबली, तुमी कुठं थांबलाय?”

असं करत आम्ही नारायणगावला जायचो, ओझरला जायचो, एकदा तर आहुप्यापर्यंत गेलो. त्या घाटात तिनं इतक्या सूचना दिल्या की उतरल्यावर तिचाच घसा बसला होता.

ती गेल्यापासून मोटार उभीच. संध्याकाळी मी जाऊन माझ्या सीटवर बसतो. चावी लावत नाही, कुठं जात नाही. नुसता बसतो. तिच्या सीटवर बसत नाही. त्या सीटला अजून तिच्या मशेरीचा वास येतो. जाणारे-येणारे म्हणतात म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. फिरलं असेल. बसायला कुणाची परवानगी लागते काय?

तर होळीच्या सुमाराला अवकाळी पाऊस आला आणि हौसाच्या बाजूच्या दारातून पाणी आत शिरलं. सीटची कड भिजली. तेवढ्या कडेचा मशेरीचा वास गेला आणि ओल्या गोणपाटासारखा कुबट वास आला. मी दोन दिवस जेवलो नाही. (आमटी करपली होती, हेही एक कारण होतं.)

रविवारी दत्तानं दाराच्या चौकटीवरून बोट फिरवलं.

“आण्णा, ह्ये रबर वाळून कडक झालंय. पार तडकलंय. दार लावलं तरी फट ऱ्हाती. पाऊसकाळात सगळी सीट कुजंल. त्यापरीस इकून टाकू.”

“न्हाई.”

“अवो, उभी गाडी सडती.”

“उभा मी पन हाय. मला इकतो का?”

मनीषा स्वयंपाकघरातून म्हणाली, “गिऱ्हाईक मिळायला पायजे, आण्णा.”

सून चांगली आहे माझी. तोंडानं हौसावर गेलीय, रक्ताचं नातं नसताना.

शेवटी दत्तानं तोड काढली. “पुढच्या रविवारी मी येतो. पाईप लावून गाडीवर पानी मारतो. आत पानी आलं, तर गाडी गेली. न्हाई आलं, तर मी परत इकायचं नाव काढनार न्हाई. ठरलं?”

“ठरलं,” मी म्हणालो. ठरवायला माझं काय जात होतं. रबर तर दत्ताच्या जन्माच्या आधीपासून माझ्या ओळखीचं.

नारायणगावला गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात गेलो. दुकानदार पोरगेला, पण नम्र.

“बाबा, आधी साबणाच्या पाण्यानं मऊ फडक्यानं पुसा. कोपऱ्यातली माती काढा. चांगलं वाळू द्या. मग हा सिलिकॉनचा स्प्रे फडक्यावर मारून हलक्या हातानं फिरवा. रबर नरम राहतं.”

“ह्ये तेलच ना?”

“तेल नाही बाबा. तेल अजिबात लावायचं नाही. खायचं नाही, इंजिनचं नाही. रबर फुगतं आणि बुळबुळीत होतं.”

आता बघा. माणूस ज्या वस्तूचं दुकान मांडून बसलाय, तीच वस्तू लावा म्हणणार. हार्डवेअरवाला म्हणतो का, घरचा खिळा वापरा? मी म्हणालो, “बघतो,” आणि डबी तिथंच ठेवून आलो. येताना मला स्वतःच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटत होतं की एसटीत एका बाईला उठून जागा दिली.

माझं गणित सरळ होतं. माझ्या बापाच्या वेळी विहिरीवर चामड्याची मोट असायची. मोट म्हणजे बैलांनी ओढायची पाण्याची चामडी पिशवी. ती वाळली की तडकायची, गळायची. मग बाप ती मिठाच्या पाण्यानं धुवायचा आणि घाण्याचं तेल चोळून चोळून मुरवायचा. मोट अशी मऊ व्हायची की थेंब गळायची नाही. आता मला सांगा, चामडं काय आणि रबर काय. दोन्ही काळं, दोन्ही वाळलं की तडकतं, दोघांचं काम पाणी अडवायचं. शिकलेल्या माणसाला एवढं जमलं नसतं, मला जमलं.

रविवारी सकाळी लवकर कामाला लागलो. दत्ता दुपारी येणार होता. घमेल्यात पाणी घेतलं, त्यात मूठभर खडेमीठ. (बाप मूठभरच टाकायचा. पण त्याची मूठ मोठी होती, म्हणून मी आणखी एक टाकली.) तांब्याची भांडी घासायचा काथ्या घेतला आणि चारी दारांची रबरं खसाखसा घासली. वर्षावर्षांची माती निघाली. एका कोपऱ्यात हौसाची केसाची पिन सापडली, ती मी खिशात टाकली आणि थोडा वेळ काही केलं नाही.

मग तेलाचा डबा काढला. घाण्यावरून काढून आणलेलं शेंगदाण्याचं तेल, तळाशी पेंडीचा गाळ बसलेला. वरचं तेल खायला ठेवावं आणि मोटारीला गाळ द्यावा, असा मी विचार केला. गाळात जोर जास्त असतो. हातानं, अगदी खांदेमळणीला बैलाचा खांदा मळतात तसं मी ते रबर मळलं. चौकटीला, दाराच्या कडेला, वर, खाली. उरलेला गाळ हौसाच्या दाराला दुसरा हात म्हणून दिला. रबर चकाकायला लागलं. एका जागी तर ते चौकटीतून बाहेर येऊन हातभर लोंबलं. मला वाटलं, ताजंतवानं झालं, अंग सोडतंय.

तेल मुरायला ऊन पाहिजे. म्हणून चारी दारं सताड उघडी टाकली आणि मी राखण करायला माझ्या सीटवर बसलो. चैत्राचं ऊन, तेलाचा खमंग वास, केलेल्या कामाचं समाधान. डोळा कधी लागला कळलं नाही.

आता इथं एक गोष्ट सांगायची राहिली. आमचा कांदा नुकताच निघाला होता आणि मोकळ्या रानात मी म्हाळूची मेंढरं बसवायला बोलावली होती. मेंढरं दोन रात्री रानात बसली की लेंडीचं खत आपोआप पडतं, आमच्याकडं सगळेच बसवतात. म्हाळू माझ्या वयाचा. आता त्याचीही शेती आहे, पण थोडीफार मेंढरं त्यानं ठेवलीत. तो म्हणतो, सवय आहे. त्याची बायको म्हणते, खोड आहे. तो संध्याकाळी येणार होता, पण माणूस वेळेच्या आधी यायला एवढा एकच दिवस सापडला त्याला.

मीठ आणि शेंगदाण्याची पेंड. मेंढराला ह्यापुढं स्वर्ग नाही. आणि मी ते चार दारांना चोळून, दारं उघडून, पंगत मांडून ठेवली होती.

मी जागा झालो तो मोटार हलत होती म्हणून. पहिल्यांदा वाटलं हौसा बसली. तिची बसायची तशीच पद्धत होती, मोटार एका बाजूला कलायची. डोळे उघडले तर सगळीकडं लोकर. डावीकडं मेंढरं, उजवीकडं मेंढरं, आणि सगळी एका लयीत चाटतायत. चपचप, चपचप. दोघीतिघी तर रबर दातात धरून ओढतायत. मी “हाड हाड” केलं. एकीनंही वर बघितलं नाही. मी घाईघाईनं माझं दार ओढून घेतलं, वाकून हौसाचं ओढलं, मागं हात घालून मागची दोन ओढली. धाड, धाड, धाड, धाड. मेंढरं बाहेर राहिली. मी जिंकलो.

मग मागच्या सीटवर कुणीतरी खोकलं.

म्हाळूचा एडका होता, सरदार नावाचा. शिंगं दोन वेटोळ्यांची. तोंडातून हातभर रबर लोंबत होतं आणि तो शेवया खाल्ल्यासारखं ते हळूहळू आत घेत होता. मला बघून त्यानं पुढच्या सीटच्या पाठीवर हनुवटी टेकवली. कुठल्या सीटच्या? हौसाच्या.

“तिथं न्हाई,” मी म्हणालो. “तिथं मी बसत न्हाई, तू कोन?”

एडक्यानं रबर गिळलं.

मी दार उघडायला गेलो. उघडेना. दुसरं बघितलं. उघडेना. तेलानं बुळबुळीत झालेलं रबर चौकटीतून निसटून दाराच्या फटीत गेलं होतं आणि वरून मी दारं आपटली होती. चारी दारं अशी गच्च बसली की खिळे मारल्यासारखी. हौसाच्या बाजूच्या काचेचं हॅन्डल तुटलेलं, मागच्या काचा अर्ध्याच खाली जातात. माझी तेवढी काच चालत होती. ती खाली करून मी अशी हाक मारली की खोडदला आभाळातलं ऐकायला ज्या मोठमोठ्या अँटेना लावल्यात, त्यांनासुद्धा दचकायला झालं असेल.

म्हाळू आला. घाई त्याच्या स्वभावात नाही.

“आण्णा, आत काय करताय?”

“मोटार मुरवतोय.”

“आन सरदार?”

“त्यो मुरवलेलं खातोय.”

म्हाळूनं वाकून एडक्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. “त्याला काय झालं तर?”

“माझं विचारना राव जरा.”

“तुमी काय, जुनं हाड. एडका लाखात एक हाय. आधी त्यो.”

झालं. चालकाच्या खिडकीतून, म्हणजे माझ्या मांडीवरून, एडका बाहेर काढायचा ठरला. म्हाळू बाहेरून शिंगं धरून ओढतोय, मी आतून मागनं ढकलतोय. एडक्याला मागनं ढकलायचा मला अनुभव नव्हता. आता आहे. त्यानं जाता जाता एक पाय हॉर्नवर ठेवला आणि तिथंच विचार करत थांबला. पोंऽऽऽ. मेंढरं बिथरली, रानभर पांगली. म्हाळू म्हणाला, “दाबू नका.” मी म्हणालो, “मी न्हाई दाबत, तुझा सरदार दाबतोय.” शेवटी एडका निघाला तो माझा चष्मा आणि सदऱ्याची दोन बटणं घेऊन.

आता माझी पाळी. मी एक पाय वर घेतला, आणि बांधावरून दत्ताची मोटारसायकल वळली. मागं मनीषा.

मी पाय आत घेतला.

“म्हाळू,” मी हळूच म्हणालो, “ह्यातलं काय बोलू नको. लोंबतंय ते फटीत कोंब. पोराला कळलं तर मोटार गेली.”

म्हाळू माझ्याकडं बघत राहिला. हौसानं त्याला आयुष्यभर चहा पाजला होता. त्यानं अंगठ्यानं रबराचे तुकडे फटीत कोंबायला सुरुवात केली.

दत्ता आला. “आण्णा, आत काय बसलाय?”

“मंग? पानी आत येतंय का न्हाई, ह्ये आत बसून कोन बघनार? तू मार पानी. मी सांगतो.”

“आन ही मेंढरं?”

“बघायला आलीत,” म्हाळू म्हणाला.

दत्तानं विहिरीवरच्या पंपाचा पाईप आणला. मी काच वर केली. मनीषानं पंपाचं बटण दाबलं.

पाणी काय यायचं ते आलं. वरून आलं, बाजूनं आलं, पायाखालून आलं. जिथं एडक्यानं खाल्लं होतं तिथून तर नळ सोडल्यासारखी धार लागली. आणि ती धार सरळ हौसाच्या सीटवर निघाली होती.

मी सदरा काढला, तिच्या सीटवर पसरला. पुरेना. आजवर मी त्या सीटवर बसलो नव्हतो. म्हटलं, “हौसे, जरा सर,” आणि सगळा आडवा होऊन सीटवर पालथा पडलो. हातांची सीटच्या पाठीला मिठी, पाय माझ्या सीटवर, गिअर पोटात. पाणी पाठीवर पडत होतं, मानेतून गळत होतं.

“आण्णा, पानी येतंय का?” बाहेरून दत्ता.

“न्हाई.”

“काय?”

तोंडातलं पाणी थुंकून मी ओरडलो, “कोरडं ठक्क!”

“आवाज घागरीतून आल्यावानी का येतोय?” मनीषा.

“मोटार बंद हाय ना, घुमतोय,” म्हाळू म्हणाला. देव त्याचं भलं करो.

“मागच्या बाजूनं मारू का, आण्णा?”

“नको, झालं की. पास झाली मोटार.”

“एकदा मारतोच,” दत्ता म्हणाला. कामात चोख आहे पोरगा. आईवर गेलाय.

मागून मारल्यावर मात्र मला शिंक आली. एक नाही, ओळीनं. मनीषानं पुढं येऊन तळव्यानं काच पुसली, दोन्ही हातांचा आडोसा करून आत बघितलं आणि शांतपणे म्हणाली, “अवो, पाईप बंद करा. आण्णा पोहत्यात.”

दत्ता आणि म्हाळूनं मिळून हौसाच्या बाजूचं दार ओढलं. ते उघडलं तेव्हा आधी पाणी बाहेर आलं, मग तेलकट रबराची एक लांब माळ दत्ताच्या हातात आली, अर्धी चावलेली. त्यानं ती नाकाशी नेली.

“शेंगदाण्याचं तेल?”

“घाण्याचं हाय,” मी सीटवरूनच म्हणालो. “शुद्ध.”

“आन ह्ये दात कुनाचे?”

म्हाळूनं मेंढरं मोजायला घेतली.

दत्तानं मला खांद्याला धरून उठवलं. मी पिळून काढण्यासारखा झालो होतो. तो मला रागवणार होता, तोंड उघडलंही होतं. मग त्याचं लक्ष सीटकडं गेलं. त्यानं भिजलेला सदरा उचलला, खाली हात ठेवला. सीट कोरडी होती. कड सोडली तर सगळी कोरडी. तो वाकला, नाक सीटला लावलं आणि तसाच राहिला.

“येतोय का?” मी विचारलं.

“येतोय.” मग नाक पुसत म्हणाला, “आईचा हाय. थोडा एडक्याचा पन हाय.”

मनीषा पदर तोंडाला लावून मागं वळली. मला वाटलं रडतेय. हसत होती. मग दत्ता हसला. मग म्हाळू. घरात कुणी हसलं त्याला लई महिने झाले होते, त्यामुळे मी उघडा, ओला, चष्म्याशिवाय उभा होतो तरी त्यांना थांबवलं नाही.

“गाडी न्हाई इकायची,” दत्ता म्हणाला. “पन रबर मेस्त्री बसवील. तुमी हात लावायचा न्हाई.”

“आन तेल मी घिऊन जाते,” मनीषा म्हणाली.

मेस्त्रीनं नवं रबर बसवलं. काय बसवलं म्हणता! दार लावलं की बाहेरचं कुत्रं भुंकलेलं ऐकू येत नाही. एडकाही बरा आहे. त्याला दोन दिवस त्रास झाला, पण म्हाळू म्हणतो त्यानंतर त्याची लोकर जास्त चकाकते.

परवा दुपारी वळीव आला. गारा, वारा, सगळं. पूर्वी मी जीव घेऊन धावलो असतो. ह्या वेळी ओसरीत पाय पसरून बसलो, चहा प्यालो. पाऊस थांबल्यावर सावकाश गेलो, हौसाचं दार उघडलं, सीटवर हात फिरवला. कोरडी ठक्क. वास जिथल्या तिथं. मन भरून आलं. मग पलीकडून जाऊन माझ्या सीटवर बसलो आणि कमरेपर्यंत भिजलो. सीटवर तळं, पायाखाली तळं, त्यात माझी एक चप्पल तरंगत होती. आदल्या संध्याकाळी माझ्या बाजूची काच मीच उघडी ठेवून गेलो होतो.

तिथूनच दत्ताला फोन लावला.

“आण्णा, पाऊस झाला म्हनं तिकडं. रबर कसं हाय?”

“लई भारी हाय,” मी म्हणालो. “आत आलेला एक थेंबसुदीक बाहेर जाऊ दिला न्हाई.”